घेण्यास नकार

सरकारी कागद माणसाच्या हातात द्यायला किती वेळ लागावा? मला विचाराल तर दोन मिनिटं. दार वाजवा, नाव विचारा, कागद द्या, सही घ्या, चालू लागा. आमच्या भाऊंना मात्र हा प्रश्न चुकूनही विचारू नका. ते आधी तुम्हाला खाली बसवतील, चष्मा पुसतील आणि मग "बजावणी म्हंजे काय, ठाऊक हाय का तुला?" इथून सुरुवात करतील. माझ्या नोकरीची पहिली दीड वर्षं या एका प्रश्नाचं उत्तर ऐकण्यात गेली, आणि दर वेळी ते उत्तर आदल्या वेळेपेक्षा लांब असायचं.

आमचं कार्यालय पेणला, पण काम पेण-रोहा दोन्हीकडचं. कुठली जमीन शेतीची, कुठली राहण्याची, कुठली गोदामांची, हे आमच्या नकाशांत रंगांनी दाखवतात. हिरव्याचा पिवळा करायचा झाला किंवा पिवळ्यातून रस्त्याची रेघ न्यायची झाली, की ज्याच्या जागेला ती लागते त्याला नोटीस द्यावी लागते. बाबा रे, असं असं ठरतंय, तुझं काही म्हणणं असेल तर अमक्या दिवशी येऊन सांग. या नोटिसा पोचवण्याचं काम भाऊंकडे होतं. मी नवी लागले तेव्हा साहेबांनी मला त्यांच्या हाताखाली दिलं आणि म्हणाले, "शिकून घ्या त्यांच्याकडून." ते तेव्हा का हसले, हे मला आठवड्याभरात कळलं.

भाऊ अष्टमीचे, रोह्याला लागूनच पुलापलीकडचं गाव ते. रोज रोह्याहून गाडीने पेणला यायचे. अंगाने काटकुळे, आवाज मात्र खणखणीत. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात शाईचा पॅड, अंगठा पुसायला फडकं, फूटपट्टी आणि एक पत्र्याचा डबा. डब्यात घरून शिजवून आणलेली खळ. दुकानातल्या डिंकाने चिकटवलेली नोटीस दोन दिवसांत सुटते म्हणे. घराला कुलूप असलं की नोटीस "दर्शनी भागावर" चिकटवायची असा नियम. भाऊ चिकटवायचे आणि मग रस्त्यावर जाऊन उभे राहायचे, तिथून वाचता येते का बघायला. नाही आली तर काढून पुन्हा चिकटवायचे. मी उन्हात छत्री धरून उभी.

सही घेतली की म्हणायचे, "पोच मिळाली." नाही मिळाली तर दिवसभर तोंड उतरलेलं. जन्मभर लोकांकडून पोच घेत फिरलेल्या या माणसाला स्वतःला मात्र पोच म्हणून नव्हती. कुणाच्या घरी साखरपुडा चालू आहे, कुणी जेवायला बसलंय, कुणी नुकतं भांडून बसलंय, यांचं आपलं, "सरकारी नोटीस हाय, बसा सगळे."

आणि मग वाचन. नोटीस हातात देऊन ते थांबत नसत, ती अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचायचे. कलम, पोटकलम, खाली "प्रत माहितीसाठी" म्हणून असलेली अधिकाऱ्यांची यादी, सगळं. वाचून झालं की समोरच्याला विचारायचे, "काय समजलं, सांगा." तो बिचारा म्हणायचा, "जमिनीचं कायतरी हाय." भाऊ मान हलवून पुन्हा पहिल्या ओळीपासून. एकदा एका माणसाने तिसऱ्या वाचनानंतर हात जोडले आणि म्हणाला, "भाऊ, जमीन घेऊन टाका, पन वाचू नका." मला इतकं हसू आलं की मी विहिरीवर पाणी प्यायला गेले. मी परत आले तेव्हा चौथं वाचन चालू होतं.

खाडीकडच्या एका गावातली गोष्ट तर मी आयुष्यात विसरायची नाही. खातेदार बांधाच्या कामावर गेलेला, घरी त्याची बायको. साठीची असेल. घरातल्या कुठल्याही सज्ञान माणसाला नोटीस देता येते, त्यामुळे अडायला नको होतं. पण भाऊंना आधी ओळख पटवायची होती.

"आई, हे घर कुणाचं?"

"आमचंच."

"ते खरं, पन घरधन्याचं नाव काय?"

म्हातारी लाजली. "त्येंचं नाव मी कशी घेऊ?"

मी म्हटलं, भाऊ, दारावर पाटी आहे, शेजारी सांगतायत, द्या नोटीस. भाऊ म्हणाले, "पाटी कुनाचीपन असते. शेजारी काय, ते पाटी वाचूनच सांगनार." दहा मिनिटं हीच झटापट. म्हातारी नाव घेईना, भाऊ नोटीस देईनात. शेवटी भाऊंनीच तोड काढली. "उखान्यात घे गो आई. उखान्यात घ्यायला काय हरकत नाय."

झालं. आळीतल्या बायका जमल्या. म्हातारीने डोक्यावरचा पदर सारखा केला, घसा साफ केला आणि भर अंगणात म्हणाली,

"भरतीचं पानी लागलं शेताच्या बांधाला,
हिराजीरावांचं नाव घेते सरकारच्या कागदाला."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिच्या सुनेलाही हुरूप आला. तिच्या नवऱ्याच्या नावाशी नोटिशीचा काही संबंध नव्हता, तरी तिचाही उखाणा झाला. भाऊंनी दोन्ही ऐकून घेतले आणि बजावणी अहवालात लिहिलं, "सदर महिलेने पतीचे नाव उखाण्यातून उच्चारल्याने ओळख पटली. उखाणा सोबत जोडला आहे." आणि खरोखरच वेगळ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून जोडला.

साहेबांनी तो वाचून मला आत बोलावलं. "हे काय आहे?"

"उखाणा आहे, सर."

"ते मला दिसतंय. फायलीत का आहे?"

यावर मी काय सांगणार? म्हटलं, भाऊंना विचारा. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "नको, राहू दे." शहाणा माणूस.

जोह्याला गणपतीच्या एका कारखान्यात आम्ही गेलो ते सकाळी दहाला. मालक मूर्तींचे डोळे रेखत होता. भाऊंनी त्याला हाकसुद्धा मारली नाही. मी म्हटलं, एक अंगठा, अर्धं मिनिट. भाऊ पुटपुटले, "हात हलला तर देव तिरळा व्हईल. त्याचं ध्यान आत्ता डोळ्यांत हाय, कागदात नाय." मग आम्ही दोन पोत्यांवर बसून राहिलो. सत्तावीस मूर्ती. प्रत्येकीला दोन डोळे. पेणची दुपारची एसटी गेली, मागची गेली. मालक उठला तो रंगाचे हात घेऊन, आणि भाऊंनी त्याला साबणाने हात धुवायला पाठवलं, कारण रंगाचा ठसा चालत नाही, शाईचाच लागतो. परतताना मी एसटीत मुद्दाम दोन बाकं सोडून बसले. भाऊंच्या ते लक्षातही आलं नाही. ते खुशीत होते, पोच मिळाली होती.

कासूच्या फलाटावर एक खातेदार सापडला, तर त्याची गाडी आलेली. "शिफ्ट हाय माझी," म्हणत तो डब्यात चढला. मी म्हटलं, सुटलो, उद्या येऊ. भाऊंनी मला तिकीटखिडकीकडे पिटाळलं. "दोन रोहा. विनातिकीट बजावनी चालत नाय." धावत्या गाडीत, उभ्याने, भाजीच्या टोपल्यांच्या मधे त्यांनी नोटीस वाचली. अख्खा डबा ऐकत होता. नागोठणे यायच्या आत त्या माणसाने सही केली आणि दुसऱ्या एका बाईने, जिला नोटीस नव्हतीच, आपल्या जमिनीबद्दल सल्ला विचारला. भाऊ तर रोह्याला घरीच पोचले. मी एकटी संध्याकाळच्या गाडीने परत पेणला.

कुलूपबंद घरांचा तर वेगळाच ताप. मुलगे आखातात, आईबाप मुंबईला लेकीकडे, घराची चावी शेजारच्या चाचीकडे. चाची मोबाईल पुढे करायच्या, "बोला ना भाऊ, व्हिडिओ कॉलवर हाय तो." भाऊ बोलायचे. तिकडे वाळवंटात कामावर उभ्या असलेल्या माणसाला नोटीस वाचून दाखवायचे, समजलं का विचारायचे, त्याने "समजलं" म्हटलं की म्हणायचे, "ही बजावनी नाय हां, ही नुसती कळवनी हाय." मग दारावर चिकटवायचेच, शिवाय मागच्या दारावर एक जादा प्रत, कारण घरातली माणसं ये-जा मागच्या दाराने करतात हे त्यांनी पायवाटेवरून हेरलेलं असायचं. एका घराला अर्धा दिवस! माझ्या टेबलावर साठ नोटिसा, सुनावणीची तारीख तोंडावर, साहेब रोज विचारणार, "किती झाल्या?" आणि मी काय सांगायचं, तर दोन.

इतर कारकून हे काम कसं उरकायचे ते सांगते. दारात उभं राहायचं, आतून "थांबा, येते" असा आवाज आला की दोन मिनिटं थांबायचं, आणि मग लिहायचं, "घेण्यास नकार दिला." नकार दिला की बजावणी झालीच असं धरतात. भाऊंना या शब्दांची इतकी चीड होती की तो शेरा दिसला की ते फाईल घेऊन त्या कारकुनाच्या टेबलाशी उभे राहायचे. "नकार कसा दिला? काय बोलला तो? हात मागे घेतला का दार लावलं? लोकं नकार देत नायत रे, तुम्ही घाईत असता." एका पोराने न जाताच असा शेरा मारला होता, ते भाऊंनी उघडकीला आणलं आणि त्या पोराची नोकरी गेली. माझ्याआधी तो त्यांच्या हाताखाली होता. माझी नोकरीही अजून कायम झालेली नव्हती, दोन वर्षं पुरी व्हायची होती. माझे यजमान कंपनीत कंत्राटावर, आज शिफ्ट आहे तर उद्या नाही. घर माझ्यावर चालायचं. भाऊंना हे सगळं ठाऊक होतं, कारण त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं.

आणि मग अष्टमीचा नकाशा आला.

वस्तीच्या पिवळ्या पट्ट्यातून नव्या रस्त्याची रेघ गेली होती. रेघेखाली येणाऱ्या बावीस घरांना नोटिसा निघाल्या. गठ्ठा भाऊंच्या टेबलावर आला, त्यांनी एकेक बघत लावला आणि सतरावी नोटीस माझ्या पुढ्यात ठेवली. "ही तू बजाव."

मी नाव वाचलं. त्यांचंच होतं. रेघ त्यांच्या ओट्यावरून जात होती. त्या ओट्यावर काकींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, पिठाची गिरणी होती. काकी ती वीस-बावीस वर्षं चालवत होत्या. भाऊ नोटिसा वाचत गावोगाव हिंडायचे आणि काकी तांदूळ, ज्वारी, भाजणी दळायच्या. आमच्या डब्यातली खळही तिथल्याच पिठाची.

मी म्हटलं, "बरं झालं, एक तरी लवकर झाली. घ्या, करा सही."

भाऊंनी हात मागे घेतले. "इथे नाय."

"म्हणजे?"

"इथे मी कर्मचारी हाय. खातेदार घरी असतो. घरी ये, रीतसर बजाव, मी पोच देतो."

"भाऊ, तुम्ही माझ्या समोर बसलाय! नोटीस तुम्ही वाचलीय! तुम्हाला पाठ असेल ती!"

"ती कर्मचाऱ्याने वाचली," भाऊ शांतपणे म्हणाले. "खातेदाराला अजून काय ठाऊक नाय. सुनावनीआधी पुरे सात दिवस मिळायला हवेत, तेवढं बघ. शनिवार-रविवार मी घरीच असतो."

मी कपाळावर हात मारला. पेणहून अष्टमीला जायचं, रोज चार फुटांवर बसणाऱ्या माणसाला एक कागद द्यायला! पहिल्या रविवारी मुलीला ताप होता. हे खरं आहे. दुसऱ्या रविवारी काही नव्हतं. कपडे धुतले, दुपारी झोपले, आणि झोपताना मनात म्हटलं, बसू दे वाट बघत. जगाला नियम शिकवतो ना!

सुनावणीआधी सात दिवस सोडायचे तर सोमवार हा बजावणीचा शेवटचा दिवस होता. भाऊंनी गावातल्या गावात सकाळ-संध्याकाळ बजावलेल्या नोटिसांचे एकवीस अहवाल तयार होते, सतरावा कोरा. मी पेन उचललं आणि लिहिलं, "खातेदार यांची त्यांच्या अष्टमी येथील राहत्या घरी समक्ष भेट घेतली असता त्यांनी नोटीस घेण्यास नकार दिला." मी स्वतःला समजावलं की नकार तर दिलाच होता की, टेबलाशी. खोटं फक्त घर होतं. पंच म्हणून आमच्या शिपायाने सही केली आणि दुसरी खालच्या झेरॉक्सवाल्याने, काय लिहिलंय ते न वाचता.

सगळे अहवाल नोंदवहीत चढवण्याचं काम भाऊंचंच. ते प्रत्येक अहवाल वाचायचे, स्वल्पविराम चुकला तरी परत द्यायचे. माझा सतरावा त्यांच्या हातात गेला तेव्हा मी कपाटात काहीतरी शोधायचं सोंग केलं. बराच वेळ कागद हलल्याचा आवाज आला नाही. मग पेनचा आवाज आला. भाऊंनी नोंद घेतली, शिक्का मारला आणि अठरावा उचलला. मला वाटलं, थकले असतील, नजरेतून सुटलं. इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

सुनावणीच्या दिवशी अष्टमीची माणसं सकाळपासून व्हरांड्यात बसली होती. साहेब माणूस घाईचा, पण कानाचा चांगला. ऐकायचे. एका म्हातारीने रडत सांगितलं की माझी मोरी जाते, तर त्यांनी नकाशावर पेन्सिलने रेघ सरकवली. भाऊंच्या शेजाऱ्याने सांगितलं, समोरच्या बाजूला मोकळी जागा पडलीय, रस्ता तिकडून घ्या. साहेब म्हणाले, "बरोबर आहे," आणि त्याच्या घरापुरती रेघ तिकडे वळवली. जो आला त्याचं काही ना काही झालं. मी टिपणं घेत होते आणि पुकारा करायला भाऊ दारात उभे होते. प्रत्येकाचं नाव तीनदा मोठ्याने हाकारायचं, हा नियम.

सोळावा आटोपला. भाऊंनी यादी बघितली, दाराबाहेर तोंड केलं आणि स्वतःचं पूर्ण नाव पुकारलं. वडिलांच्या नावासकट, राहणार अष्टमी, हाजिर हो.

व्हरांड्यात लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "भाऊ, ते तुमीच की!"

भाऊंनी दुसऱ्यांदा पुकारलं. हसू कमी झालं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा कुणीच हसलं नाही.

ते टेबलाशी आले. "साहेब, पुकारा केला. उत्तर आलं नाय."

साहेब वैतागले. "अहो, काय चाललंय? बोला ना, काय म्हणणं आहे तुमचं?" भाऊंनी हातातली यादी टेबलावर सरळ करून ठेवली. साहेबांनी फाईल ओढली. "बजावणी... घेण्यास नकार? तुम्ही? स्वतःच्या कार्यालयाची नोटीस नाकारलीत?"

भाऊ भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. "अहवालात तसं लिहिलंय, साहेब. नोंद मीच घेतलीय."

"खरं आहे का ते?"

"नोंद मीच घेतलीय," भाऊ पुन्हा म्हणाले.

बाहेर अजून पाच जण बसले होते. साहेबांनी मान हलवली, भाऊंच्या घरापुढची रेघ होती तशीच ठेवली आणि म्हणाले, "पुढचा." मी टिपणात लिहिलं, "पुकारा केला, उत्तर नाही."

संध्याकाळी मी त्यांना स्टेशनच्या रस्त्यावर गाठलं आणि भांडले. होय, मीच भांडले. "तुम्ही नुसतं हजर म्हणायचं होतं, भाऊ! एक शब्द! शेजाऱ्याची रेघ वळली, तुमची वळली नसती?"

"हजर म्हटलं तर हजेरीवर सही करायला लागते. 'नोटीस मिळाली' असं वर छापलेलं असतं. मला कुठं मिळाली?"

"मग मिळाली नाही म्हणायचं! सुनावणी पुन्हा लागली असती. हा नियम तुमच्याइतका कुणाला माहीत आहे?"

भाऊ थांबले. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "म्हणू?"

गाडीची वेळ झाली होती, ते निघून गेले. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. स्वल्पविरामासाठी अहवाल परत करणाऱ्या माणसाने माझा अख्खा खोटा अहवाल डोळ्यांदेखत आत घेतला होता. त्या आधीच्या पोराची नोकरी त्यांच्यामुळे गेली, त्याच्या घरी पुढे काय झालं हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण दर पावसाळ्याआधी ते त्याच्या घरी जाऊन यायचे, एवढं मला माहीत होतं.

बजावणी झाली नसेल तर सुनावणीनंतर तीस दिवसांत तसा अर्ज करता येतो. अर्ज भाऊ करणार नव्हते. खरं सांगायचं ते मलाच सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आज साहेबांकडे जायचं. साहेब बैठकीला गेले होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते होते, पण यजमानांचं काम सुटल्याचं त्याच सकाळी कळलं होतं. मग मुलीची शाळा, मग सण, मग एक दिवस काहीच कारण नव्हतं आणि तरी मी गेले नाही. एकदा भाऊंनी नोंदवही बंद करता करता विचारलं, "तुझं कायम कधी व्हतंय, बाय?" मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात." "बरं," म्हणाले, आणि टाचण्या मोजून डबीत ठेवायला लागले. मला तो माणूस त्या क्षणी असह्य झाला. ओरडला असता तर मी रडले असते आणि साहेबांकडे गेले असते. त्याने टाचण्या मोजल्या.

माझा कायम झाल्याचा आदेश आला तेव्हा अर्जाची मुदत संपून चार दिवस झाले होते. पेढे वाटले. भाऊंनी अर्धाच घेतला, साखर आहे म्हणाले. त्यानंतर दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले.

अष्टमीला मी गेले ती त्याच्याही पुढे वर्षभराने. त्या दोन रविवारी जायला जमलं नाही, आता जमलं. रस्ता झाला होता, चांगला रुंद, आणि ओटा गेल्याने घर अगदी त्याच्या अंगावर आलं होतं. भाऊ रोह्याला दवाखान्यात गेले होते, काकी घरी होत्या. मला आधी कधी बघितलेलं नव्हतं, तरी नाव सांगितल्यावर ओळखलं.

"तुमीच का त्या? यांच्या तोंडी लई असायचं तुमचं. कामाची पोर हाय, म्हनायचे." मग हसून म्हणाल्या, "तुमची वाट बघितली व्हती आमी. लागोपाठ दोन रविवार. इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसलेले सकाळपासनं. मी म्हटलं, कोन पाव्हना येतोय? तर म्हनाले, नोटीस यायची हाय. मी तांदळाच्या पिठाची गोड बोरं तळून ठेवलीवती. मग काय, आमीच खाल्ली."

मी पुष्कळ ठरवून गेले होते. माफी मागायची, सगळं सांगायचं. तोंडातून एवढंच निघालं, "काकी, गिरणी?"

"इकली. घरात बसंना ती. आवाज किती!" त्या आत गेल्या आणि तांदळाचा डबा घेऊन बाहेर आल्या, पायांत चपला सरकवल्या. "तुमी बसा, हे येतीलच. मी पुलापलीकडं जाऊन येते. रोह्याला दळन टाकायचंय."

मी उठले, म्हटलं, "द्या, मी नेते डबा."

"राहू दे गो," काकी म्हणाल्या. "दोन माणसांचं दळन ते. जड नाय."

आणि त्या नव्या रस्त्याच्या कडेने पुलाकडे चालू लागल्या.